थंडीच्या दिवसांत काँक्रीट कापून घेताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळी आटोपली की आमच्याकडचे फोन वाढतात. पावसाळ्यात अडकलेली कामं, लग्नसराईच्या आत करायचा जिना, केळीच्या कोल्ड स्टोरेजचं मोठं करायचं दार, गावातल्या काँक्रीट रस्त्याचे जॉईंट, सगळं एकदम निघतं. आणि बहुतेक जण एकच विचारतात, "थंडीत कापलं तर तडे जातील का हो?"

कापल्यामुळे जात नाहीत. पक्क्या झालेल्या काँक्रीटला आणि डायमंड ब्लेडला धुळ्याची सहा अंशांची पहाट काही करत नाही. थंडीचा फरक पडतो तो नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटला, पाण्याला, बोल्ट धरणाऱ्या केमिकलला आणि माणसांना. कामाची तारीख त्यांच्याकडे बघून ठरवावी.

नवा स्लॅब: घाई करू नका

"स्लॅब भरला, पण बाथरूमच्या पाइपाचं होल राहिलं, उद्या येता का?" असा फोन आला की आम्ही आधी भरल्याची तारीख विचारतो. आयएस 456 या भारतीय मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला) स्लॅबखालचे टेकू 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस ठेवायला सांगितलं आहे. हे आकडे प्रत्येक मिस्त्रीला पाठ असतात. त्यामागची अट मात्र फारसं कुणी सांगत नाही: सिमेंट साधं पोर्टलँड हवं, क्युरिंग (पाणी मारून मुरवणं) नीट हवं आणि हवेचं तापमान 15 अंशांखाली जायला नको. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या रात्री 15 च्या खाली जातातच. शिवाय दुकानातून येतं ते बहुतेक वेळा पीपीसी, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळलेलं सिमेंट. ते शेवटी चांगलं मजबूत होतं, पण सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. म्हणजे तीनपैकी दोन अटी मोडल्या.

अशा कच्च्या स्लॅबमध्ये कोअर मशीन (गोल होल पाडणारं मशीन) लावलं तर खडी कापली जात नाही, उपटून येते, आणि सळईभोवतीची पकड सैल होते. म्हणून हिवाळ्यात भरलेल्या स्लॅबला आम्ही 28 दिवसांच्या आत हात लावत नाही. त्याआधी करायचंच असेल तर तुमच्या इंजिनिअरचं पत्र हवं. खरं सांगायचं तर स्लॅब भरण्याआधी सेंट्रिंगवर पाइपाचे तुकडे उभे करून ठेवलेत तर आमची गरजच पडणार नाही. 110 मिलिमीटरच्या पाइपाला होल पाच इंचांच्या पुढेच लागतं, हे त्या वेळी लक्षात ठेवा.

रस्ता आणि गोडाऊनची जमीन: इथे उशीर नको

इथे उलटा हिशोब. नवं काँक्रीट आकसतंच, आणि आपण खाच, म्हणजे जॉईंट, मारून दिली नाही तर त्याला वाटेल तिथून ते तडकतं. हिवाळ्यात दुपारी अठ्ठावीस-तीस आणि पहाटे आठ-दहा अंश, असा एका दिवसात वीस अंशांचा फरक आपल्याकडे पडतो. ती पहाट खाच मारण्याआधी आली तर सकाळी रस्त्यावर आडवी-तिडवी भेग दिसते. मग खाच मारून उपयोग नसतो.

खाचेची खोली जाडीच्या पाव ते एकतृतीयांश असावी, म्हणजे सहा इंच जाडीला दीड ते दोन इंच. अर्ध्या इंचाची रेघ ओढून "जॉईंट झाले" म्हणणारे पुष्कळ आहेत. ती रेघ दिसायला छान असते, भेग तिच्या शेजारून जाते. दोन खाचांमधलं अंतर सहा इंची जमिनीला साधारण साडेचार मीटरपर्यंत ठेवतात, आणि चौकोन शक्यतो चौरस धरतात.

कधी मारायची? उन्हाळ्यात काँक्रीट काही तासांतच ब्लेड सोसतं, हिवाळ्यात बारा तास किंवा त्याहून जास्त लागू शकतात. घड्याळावर भिस्त ठेवू नये. आमचा माणूस आधी खिळ्याने ओरखडा काढून बघतो, मग कडेला फूटभर कापतो. खाचेच्या काठाची खडी निघून यायला लागली तर तो मशीन बंद करून थांबतो, आणि तासाभराने पुन्हा कापून बघतो. काठ धारदार आला की मग थांबायचं नाही, रात्र असली तरी.

म्हणून हिवाळ्यात ओतायला सकाळी लवकर सुरुवात करा. दिवसभराच्या उन्हात ते धरतं आणि पहाटेच्या आत खाच मारून होते. दुपारी चारला ओतलेलं काँक्रीट ऐन गारठ्यात कच्चं सापडतं. काँक्रीट ओतायच्या दिवसासाठीच मशीन बुक करा, दुसऱ्या दिवसासाठी नाही. साइटवर रात्रीच्या दिव्याची सोय ठेवा.

पाणी

आमची कोअर मशीन, फ्लोअर सॉ (जमीन कापणारं) आणि वॉल सॉ (भिंत कापणारं) पाण्यावर चालतात. पाणी ब्लेड थंड ठेवतं आणि धूळ खाली बसवतं. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. "घर ओलं होईल, कोरडंच कापा" असं कुणी म्हटलं तर आम्ही काम घेत नाही.

साइटवर किमान 500 लिटरची टाकी भरलेली ठेवा. कापताना निघणारा राखाडी गाळ चुन्यासारखा झोंबतो, गटारात गेला तर तिथेच घट्ट होतो. आम्ही तो व्हॅक्यूमने ओढून पोत्यात भरतो. पोती कुठे टाकायची ते तुम्ही आधी सांगा. विहिरीजवळ किंवा शेतात नको. गारव्यात गाळ लवकर वाळत नाही आणि टाइल्सवर पांढरा थर धरतो, म्हणून जमिनीवर प्लास्टिक अंथरून घेतलेलं बरं.

सातपुड्यातल्या तोरणमाळ किंवा अक्कलकुव्याच्या डाब गावाकडचं काम असेल तर गोष्ट वेगळी. थंडीच्या लाटेत तिथे दव गोठतं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि रात्री पंपात राहिलेलं पाणी पंप फोडतं. तिथे आम्ही संध्याकाळी सगळ्या नळ्या रिकाम्या करतो आणि ऊन आल्यावरच सुरू करतो. दिवस लहान पडतो, तेव्हा एक दिवस जास्तीचा धरा.

आपल्याकडचे काही ठेकेदार लेहकडे कामं घेतात. त्यांना आमचा सल्ला, कापायची कामं उन्हाळ्यातच बसवा. तिथे हिवाळ्यात पाण्यावर मशीन चालवणं म्हणजे रोज बर्फाशी भांडण. साध्या डिझेलमध्ये मेण धरतं (तिथे 2019 पासून हिवाळ्याचं वेगळं डिझेल मिळतं), आणि साडेतीन हजार मीटर उंचीवर इंजिनाची ताकद साधारण एकतृतीयांशाने घटते. कापलेली जागा पुन्हा काँक्रीटने बुजवायची असेल तर आयएस 7861 च्या दुसऱ्या भागात 5 अंशांच्या खालचे नियम दिले आहेत, ते इंजिनिअरला बघायला सांगा.

दार-खिडकी, जिना, लिफ्टसाठी कापताना

कॉलम किंवा बीम इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही कापत नाही. ओळखीचा माणूस असला तरी नाही. धाब्याच्या जुन्या घराच्या भिंतीत मोठं दार पाडायचं असेल तर आमच्याआधी जुन्या कामाचा जाणकार मिस्त्री बोलवा. तिथे भार कुठल्या भिंतीवर आहे ते मशीनला कळत नाही. नव्या मोठ्या इमारतीत स्लॅब ताणलेल्या पोलादी केबलचा (पोस्ट-टेन्शन) असेल तर ते आधी सांगा. केबल कापली गेली तर माणूस जाऊ शकतो. सळया आणि वायरिंग आम्ही स्कॅनरने बघून खुणा करतो, तरी जुने नकाशे असतील ते काढून ठेवा.

वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. चार फूट बाय तीन फूट आणि पाच इंच जाडीचा तुकडा सुमारे साडेतीनशे किलो भरतो. म्हणून तो लहान तुकड्यांत कापून चेन ब्लॉकने उतरवायचा असतो. खालच्या खोलीत टेकू लागतात आणि त्या दिवशी खाली कुणी राहायचं नाही.

दाराला लोखंडी फ्रेम बसवताना केमिकलने बोल्ट धरतात. हे केमिकल गारव्यात फार सावकाश घट्ट होतं. किती तास ते तापमानाप्रमाणे नळीवर छापलेलं असतं. पहाटे बसवून दहा वाजता भार देऊ नका.

वीज, धूर, शेकोटी

वॉल सॉला थ्री फेज लागतो. शेतातल्या जागेवर काम असेल तर त्या आठवड्यात लाइन दिवसा आहे की रात्री ते विचारून कळवा, नाहीतर जनरेटरचा खर्च वाढतो. लहान कोअर मशीनला 16 अँपिअरचा प्लग पुरतो, पण पाण्यातलं काम असल्याने 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच.

गार वारं येतं म्हणून दारं लावून आत पेट्रोलचं मशीन किंवा जनरेटर चालवू देऊ नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. पोरांनी शेकोटी करावी, पऱ्हाटीवर भरिताची वांगीही भाजावीत, आम्हीही जेवायला बसू. फक्त इंधनाच्या कॅनपासून लांब.

दर कसा लागतो

कोअरचा दर होलाचा व्यास आणि खोली बघून, सॉ कटिंगचा रनिंग फूट आणि जाडी बघून. सळई दाट असेल किंवा खडी काळ्या दगडाची असेल तर ब्लेड लवकर झिजतं, दर त्याप्रमाणे वाढतो. तुकडे उचलणं, गाळ नेणं आणि मशीनचं भाडं-प्रवास कोटेशनमध्ये वेगळे लिहून मागा, आमच्याकडूनही आणि दुसऱ्यांकडूनही. फोन करण्याआधी जागेचे दोन-तीन फोटो, जाडी, मजला, काँक्रीट कधीचं आहे ते वर्ष आणि पाणी-विजेची सोय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीत तर त्याच दिवशी अंदाज देता येतो. पक्का दर मात्र जागा बघूनच.