ट्रिक-ऑर-ट्रीट (ब्रिटनमधील)

हॅलोवीनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलांनी भुताखेतांची सोंगे घेऊन वस्तीतील घरोघरी जायचे आणि खाऊ मागायचा, अशी प्रथा. ‘ट्रिक ऑर ट्रीट’ (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) ही आरोळी उत्तर अमेरिकेतील आहे. कॅनडातील छापील मजकुरात ती १९१७ च्या सुमारास आढळते. सोंगे घेऊन दारोदार फिरण्याची रीत मात्र ब्रिटिश बेटांवर त्याहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडच्या दक्षिण व पूर्व भागांत प्रथेचे आजचे रूप साधारणपणे १९८० नंतर रुजले.

उगमाचा वाद : हॅलोवीन म्हणजे ‘साउइन’ या प्राचीन केल्टिक सणावर चढवलेला ख्रिस्ती मुलामा, हे मत आजही सर्वाधिक प्रचलित आहे. वेल्श भाषेचे अभ्यासक जॉन ऱ्हीस यांनी १८८६ च्या व्याख्यानांत साउइन हे केल्टिक नववर्ष असावे असे सुचविले. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी त्याला मृतांच्या सणाची जोड दिली आणि पुढील लोकप्रिय लेखनात तर्काचे सिद्धांतात रूपांतर झाले. ऱ्हीस यांचा आधार मुख्यतः त्यांच्या काळातील आयर्लंड, वेल्स व आइल ऑफ मॅन येथील लोकाचारांवर होता. प्राचीन लेखी पुरावा त्यात थोडाच होता. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९० च्या दशकात या पुराव्याची फेरतपासणी केली. मध्ययुगीन आयरिश कथांत साउइनला सभा, मेजवान्या व अद्भुत घटना आहेत, पण मृतांसाठी केलेल्या विधींचे वर्णन नाही, हे त्यांनी दाखविले.

तारखेचा मुद्दा याहून निर्णायक ठरतो. हॅलोवीन ही १ नोव्हेंबरच्या ‘सर्व संतांचा दिवस’ या ख्रिस्ती सणाची पूर्वसंध्या. आयर्लंडमध्ये इ. स. ८०० च्या सुमारास सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला पाळला जात असे. त्याच सुमारास १ नोव्हेंबरची तारीख उत्तर युरोपातील जर्मानिक प्रदेशांत, अ‍ॅल्क्विनसारख्या विद्वानांच्या वर्तुळात दिसते. पोप ग्रेगरी चौथा याच्या काळात (सु. ८३५) ती फ्रँकिश साम्राज्यभर मान्य झाली. केल्टिक सण झाकण्यासाठी ही तारीख निवडली असती, तर केल्टिक आयर्लंड तिच्यात मागे राहण्याचे कारण उरत नाही. म्हणून दारोदार मागण्याच्या प्रथेचे धागे साउइनपेक्षा मध्ययुगीन चर्चच्या आचारांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

असा ठळक धागा म्हणजे ‘सोलिंग’. २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. त्याच्या आसपास गरिबांना भाकरी वाटावी आणि त्यांनी दात्याच्या मृत आप्तांसाठी प्रार्थना करावी, असा हा व्यवहार होता. श्रॉपशरमधील धर्मोपदेशक जॉन मर्क याने चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास अशा दानाचा उल्लेख केला आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने मृतांसाठीची प्रार्थना अधिकृतरीत्या मोडीत काढली. मागणे मात्र उरले. श्रॉपशर, चेशर व स्टॅफर्डशर या परगण्यांत मुले गाणी म्हणत ‘सोल-केक’, सफरचंदे किंवा नाणी मागत. लोकसाहित्याच्या अभ्यासक शार्लट बर्न यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गाण्यांची नोंद केली. याच भागात २३ नोव्हेंबरला संत क्लेमंट व २५ नोव्हेंबरला संत कॅथरिन यांच्या नावानेही मुले मागत फिरत, हे त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. त्यावरून हॅलोवीनची फेरी एकाकी नव्हती. हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या अनेक फेऱ्यांपैकी ती एक होती, हे स्पष्ट होते. सोल-केक हा बिस्किटासारखा गोल पदार्थ. आजच्या पाककृतींत ४५० ग्रॅम मैद्याला प्रत्येकी सुमारे १७५ ग्रॅम लोणी व साखर, तीन अंड्यांचे बलक, मसाल्याची पूड आणि मूठभर काळे मनुके घेतात आणि वरून फुलीची खूण करतात.

प्रादेशिक रूपे : स्कॉटलंडमधील ‘गायझिंग’ ही सर्वांत सलग टिकलेली शाखा. कोरलेल्या सलगमाचे कंदील घेऊन, सोंगे काढून फिरणाऱ्या मुलांना केक, फळे व पैसे मिळत, अशी १८९५ ची नोंद प्रसिद्ध आहे. येथे खाऊ कमवावा लागतो. मूल घरात येते, कविता, गाणे किंवा विनोद सादर करते, मग त्याला शेंगा, सफरचंद किंवा नाणे मिळते. धमकीला जागा नाही. अलीकडे सादरीकरण आखडत चालले असून अनेक दारांवर ते एका विनोदावर भागते. ही हानी खरी आहे. आइल ऑफ मॅनमध्ये त्याच रात्री ‘हॉप-टू-ना’ची गाणी म्हणतात. सॉमरसेटमधील हिंटन सेंट जॉर्ज येथे ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी ‘पंकी नाइट’ असते. तेथील कंदील चाऱ्याच्या बीटाचे करतात. उत्तर आयर्लंडमध्ये डेरी शहराचा हॅलोवीन उत्सव विशेष मोठा आहे.

दक्षिण इंग्लंडमधील प्रसार : आयोना व पीटर ओपी या दांपत्याने १९५० च्या दशकात शाळकरी मुलांच्या चालीरीती गोळा केल्या. त्यांच्या पाहणीत हंबर नदीच्या मुखापासून नैर्ऋत्येकडे वेल्सच्या सीमेपर्यंत जाणारी ढोबळ रेषा दिसते. तिच्या उत्तर-पश्चिमेला हॅलोवीन, तर दक्षिण-पूर्वेला ५ नोव्हेंबरची गाय फॉक्स रात्र (१६०५ मध्ये इंग्लंडची संसद उडवण्याचा कट फसल्याची आठवण) प्रबळ. दक्षिणेतील मुले गाय फॉक्स या कटवाल्याचा चिंध्यांचा पुतळा रस्त्यावर मांडून ‘पेनी फॉर द गाय’ म्हणत पैसे मागत आणि त्यांतून फटाके घेत. पुढे फटाक्यांवरचे निर्बंध कडक झाले, १९९७ मध्ये खरेदीचे किमान वय १८ झाले, शेकोट्या सार्वजनिक मैदानांत गेल्या आणि मुलांच्या हातून तो सण निसटला. ही रिकामी जागा अमेरिकन चित्रपट व मालिकांनी परिचित केलेल्या ट्रिक-ऑर-ट्रीटने भरली. ‘अमेरिकेची आयात’ ही तक्रार म्हणूनच अर्धीच खरी आहे. स्कॉटिश व आयरिश स्थलांतरितांनी नेलेली रीत नव्या घोषणेसह परत आली, असे म्हणणे अधिक नेमके.

पंचांगही प्रथेला अनुकूल आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात. ३१ तारखेला लंडनमध्ये सूर्यास्त सुमारे साडेचारला होतो, त्यामुळे लहान मुलांनाही झोपण्याआधी अंधारात फिरता येते. अनेक शाळांना याच सुमारास सहामाहीच्या मधली सुटी असते.

दिव्याचा संकेत : सुरुवातीच्या काळात मुले दिसेल ते दार ठोठावत. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना याचा त्रास होई आणि वृत्तपत्रांतील नाराजी मुख्यतः त्याबद्दल असे. आज सर्वमान्य झालेला नियम साधा आहे : दाराबाहेर पेटलेला भोपळा असेल तरच दार वाजवायचे. खाऊ संपला की यजमान भोपळा विझवतो किंवा आत घेतो. प्रथेच्या लोकप्रियतेचे श्रेय सजावटीच्या बाजारपेठेला दिले जाते, पण शेजाऱ्यांनी ती स्वीकारली ती या संमतीच्या खुणेमुळे, असे मानण्यास चांगला आधार आहे. अनेक पोलीस दले दारावर लावण्यासाठी ‘कृपया ट्रिक-ऑर-ट्रीट नको’ असे फलक छापून देतात. हल्ली गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सहभागी घरांची यादीही फिरते. या संकेताचा एक गोंधळ मराठी व इतर भारतीय कुटुंबांना ठाऊक असतो : दिवाळी याच दिवसांत आली की अंगणातील पणत्या आणि माळा पाहून मुले दार वाजवतात. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, असा पंचांगभेद होता आणि ब्रिटनमध्ये बऱ्याच घरांत दोन्ही सण एकाच संध्याकाळी आले.

फेरीची रीत : अगदी लहान मुले साडेचार ते सहा, मोठी सात-साडेसातपर्यंत फिरतात, आठनंतर दार वाजवणे अशिष्ट समजतात. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या गल्लीत तासाभरात पंचवीस-तीस घरे सहज होतात. सुट्या बंगल्यांच्या वस्तीत त्याच्या निम्मीही होत नाहीत, म्हणून दाट वस्तीत बाहेरची मुलेही लोटतात आणि तेथील घरांचा खाऊ लवकर संपतो. प्रत्येकी एक किंवा दोन गोळ्या हे प्रमाण चालते. वाडगे यजमानाने स्वतः धरावे. पायरीवर ठेवलेले वाडगे बहुधा पहिल्या दोन-तीन टोळ्यांतच रिकामे होते. खाऊ वेष्टणातलाच द्यावा, म्हणजे घटक वाचता येतात. जेली गोळ्यांतील जिलेटिन बरेचदा डुकराचे असते, म्हणून शाकाहारी व मुस्लिम घरांतील मुलांसाठी वेगळा डबा ठेवतात. अख्खे दाणे पाच वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतात. अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी खेळणी, स्टिकर अशा वस्तू असल्याची खूण म्हणजे निळसर-हिरवा भोपळा. ही मोहीम अमेरिकेतून आली.

भोपळा कोरताना झाकण देठाकडून कापण्याऐवजी तळ कापला तर कडा खाली ढासळत नाहीत. आतील धागे व बिया पूर्ण खरवडून भिंत सुमारे अडीच सेंटिमीटर ठेवावी. जास्त जाड राहिली तर प्रकाश फाकत नाही, फार पातळ केली तर चेहरा दोन दिवसांत सुरकुततो. ओल्या गराला आतूनच बुरशी धरते, म्हणून सणाच्या फार तर दोन-तीन दिवस आधी कोरणे बरे. सलगम किंवा स्वीड (सलगमासारखा मोठा कंद) कोरणे फार कष्टाचे. टणक गर चमच्याने थोडाथोडा काढावा लागतो आणि मेणबत्तीने तापल्यावर त्याचा उग्र वास सुटतो.

अपघात व उपद्रव : सोंगाच्या कपड्यांना ब्रिटनमध्ये खेळण्यांचे सुरक्षा-मानक लागू होते, रात्रीच्या कपड्यांचे अधिक कडक मानक नव्हे. त्या मानकानुसार ज्वाला सेकंदाला ३० मिलिमीटरपर्यंत पसरणे चालते. लोंबणारा झगा पायरीवरील मेणबत्तीजवळ गेला की धोका उद्भवतो, त्यामुळे बॅटरीचे दिवेच वापरावेत. मुखवट्याने बाजूचे दिसत नाही. रस्ता ओलांडायचा तर चेहरा रंगवणे बरे. खोडीचा भाग बहुतेक ठिकाणी नाममात्र उरला आहे. अंडी व पीठ फेकण्याचे प्रकार होतात तेथे काही दुकाने या दिवसांत अल्पवयीनांना ते विकत नाहीत. दारावर फुटलेले अंडे लगेच कोमट पाण्याने धुवावे. कढत पाण्याने ते शिजून घट्ट चिकटते आणि वाळल्यावर रंग सोलते. २०२० च्या साथीत वेल्समध्ये टाळेबंदी होती आणि स्कॉटलंडच्या शासनाने गायझिंग टाळण्याचा सल्ला दिला. पुढील वर्षापासून फेऱ्या पूर्ववत झाल्या.

सणानंतर भोपळ्यांची विल्हेवाट हा वाढता प्रश्न आहे. कोरीव कामासाठी पिकवलेले वाण पाणीदार व कमी चवीचे असले तरी सूप करता येते. मेण व रंग लागला नसेल तर उरलेली साल खतात जाते. वन्य प्राण्यांसाठी म्हणून भोपळे जंगलात टाकू नयेत, असे निसर्गसंस्था सांगतात. हिवाळी झोपेच्या तयारीत असलेल्या साळूसदृश हेजहॉगला ते जास्त खाल्ल्याने जुलाब होतात आणि त्याचे वजन घटते.