यॉर्कशायरचं आडनाव, आफ्रिकेचं गुणसूत्र

ब्रिटिश पुरुषांच्या वाय गुणसूत्रांची पाहणी करताना लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांना एका नमुन्यात भलतंच काही दिसलं. माणूस गोरा, आडनाव पूर्व यॉर्कशायरचं आणि फारच थोड्या घरांतलं. गुणसूत्र मात्र 'ए१' गटाचं, जे तोवर पश्चिम आफ्रिकी वंशाच्या पुरुषांतच सापडलं होतं. आफ्रिकेशी आपलं काही नातं असेल याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं आणि इंग्लंडात आडनावही त्याच वाटेने जातं. मग त्याच आडनावाचे आणखी पुरुष शोधले गेले. १८ जणांपैकी ७ जण 'ए१' निघाले! जुनी कागदपत्रं चाळल्यावर ते दोन वंशावळींत बसले. दोन्हींचे मूळपुरुष अठराव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायरमध्येच राहत होते. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झालं.

उरलेल्या ११ जणांकडे तेच आडनाव, पण गुणसूत्र वेगळं. यात नवल नाही. मूल दत्तक घेतलं, आईचं आडनाव लावलं किंवा बाप कागदावरचा नसून दुसराच कुणी असला, की नाव पुढे जातं आणि गुणसूत्राची साखळी तुटते. शिवाय एकच आडनाव दोन ठिकाणी स्वतंत्रपणेही रुजू शकतं. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार तर गावोगाव. त्यामुळे दोन स्मिथांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही. उलट ॲटनबरो हे आपल्या नाशिककरांसारखं गावावरून पडलेलं, विरळ आडनाव. किंग-जॉबलिंग यांच्याच पाहणीत दहापैकी जवळपास नऊ ॲटनबरो एकाच वाय-प्रकारचे निघाले.

तो आफ्रिकी पूर्वज यॉर्कशायरला पोचला कसा? तिसऱ्या शतकात उत्तर इंग्लंडात रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीवर त्यांच्या सैन्यातली आफ्रिकी तुकडी तैनात होती, तिच्यापासून पुढे गुलामांच्या व्यापारापर्यंत कोणताही मार्ग शक्य आहे. मला व्यापाराचा काळ जास्त पटतो, पण तो निव्वळ अंदाज.

चेहऱ्यावर मात्र त्या पूर्वजाची खूण शोधून सापडायची नाही. वाय वगळता बाकीच्या गुणसूत्रांतला त्याचा वाटा दर पिढीला सरासरी निम्मा होत जातो. दहा पिढ्यांनंतर तो हजारात जेमतेम एक उरतो. वाय गुणसूत्र तेवढं जवळजवळ जसंच्या तसं खाली येतं, आणि त्वचेचा रंग ठरवणारी जनुकं त्यावर नसतात.