मुलांचा ताबा (घटस्फोटानंतर)

घटस्फोट झाल्यावर, खरं तर बहुतेक वेळा केस चालू असतानाच, अठरा वर्षांखालचं मूल आईकडे राहणार की वडिलांकडे आणि दुसऱ्यानं त्याला कधी भेटायचं हे कोर्टात ठरतं, त्यालाच बोलताना सगळे कस्टडी म्हणतात. ही नोंद मुख्यतः भारतातल्या हिंदू जोडप्यांबद्दल आहे, बाकीच्यांचं शेवटी थोडक्यात. ताबा म्हणजे मूल रोज कोणाजवळ राहतं ते, पालकत्व म्हणजे त्याच्या वतीनं कायद्यानं निर्णय घ्यायचा, सही करायचा हक्क, आणि या दोन्हींत लोक कायम गल्लत करतात. मूल रोज आईजवळ राहत असलं तरी कायद्याच्या कागदावर नैसर्गिक पालक वडील असू शकतात. सातबाऱ्यावर अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, वारसाच्या नावाला जोडून 'अ. पा. क.' म्हणून जे नाव येतं ते पालनकर्त्याचं, पोर झोपतं कोणाच्या घरी हे त्यावरून कळत नाही.

कायदे मुख्य दोन, १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा. दुसऱ्याच्या कलम ६ प्रमाणे नैसर्गिक पालक आधी वडील, 'त्यांच्यानंतर' आई, पण पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे. मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे बाँड घेताना आईची सही चालेना म्हणून लेखिका गीता हरिहरन सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि १९९९ मध्ये कोर्टानं सांगितलं की 'नंतर' म्हणजे वडील गेल्यावरच असं नाही, ते हजर नसतील किंवा मुलाकडे बघत नसतील तरीही आई पालक. कलमाचे शब्द मात्र आहेत तसेच आहेत.

पाच वर्षांची ही रेघ कुठून आली यावर एकमत दिसत नाही. धर्मशास्त्रात मूळ शोधायला गेलं तर मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातला २७ वा श्लोक हाती लागतो, पण तिथं राजानं सांभाळायची आहे ती बालकाची संपत्ती, आईबापांच्या भांडणात मूल कोणाकडे याबद्दल त्यात काही नाही, त्यामुळे तो धागा फार ताणू नये. इंग्लंडकडे बोट दाखवणारं मत जास्त पटण्यासारखं आहे. तिथं कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेनं स्वतःची मुलं नवऱ्यानं तोडल्यावर खटपट केली, त्यातून १८३९ चा कायदा आला आणि सात वर्षांखालच्या मुलांसाठी आईला अर्ज करता येऊ लागला, १८७३ मध्ये ते वय सोळावर गेलं. आपल्याकडे १९४१ च्या सुमारास मुंबई हायकोर्टात सरन्यायाधीश ब्यूमाँट यांनी म्हटलं की आई योग्य असेल तर लहान मुलासाठी तिची जागा घेणारं कोणी मिळणं शक्य नाही. म्हणजे विचार आधीच रुळलेला होता, १९५६ च्या कायद्यानं त्याला पाच हा आकडा दिला.

प्रत्यक्षात आकड्यापेक्षा त्याच कायद्याचं कलम १३ भारी पडतं: मुलाचं हित सर्वात वरचं. हित म्हणजे नुसता पगार किंवा मोठा फ्लॅट नाही. शाळा, आजी-आजोबा, तब्येत, आई किंवा बाप कामावर असताना घरी कोण असतं, भावंडं एकत्र राहतात का, सगळं बघतात. मूल समजतं असेल तर त्याचं म्हणणं विचारात घेता येतं, मग न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये एकटं बोलावून शाळेबिळेच्या गप्पा मारत अंदाज घेतात आणि कोणी पढवून पाठवलंय का हेही तिथंच बघतात. वागणुकीच्या आरोपांना वाटतं तेवढं वजन नसतं, २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं व्यभिचार घटस्फोटाचं कारण होऊ शकेल पण ताबा नाकारण्याचं नाही असं म्हटलं. खरी मेख अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, ऑर्डरमध्ये असते, कारण केस वर्षानुवर्षं चालते, मूल एका घरात रुळतं आणि मग शेवटी त्याला तिथून हलवायला कोणतंही कोर्ट कचरतं. म्हणून वकील मंडळी सगळा जोर पहिल्याच अर्जावर लावतात.

ज्याच्याकडे मूल नाही त्याला ऍक्सेस, म्हणजे मुलाला भेटायचा हक्क, मिळतो. फॅमिली कोर्ट १९८४ च्या कायद्यानं आली, तिथं आधी समुपदेशकाकडे पाठवतात आणि बरीच भांडणं तिथंच कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींवर, मिटतात. त्या टर्म्स वाचल्या की संसार कळतो: दिवाळीची अर्धी सुट्टी इकडे, मे महिना वाटून, गणपतीत दीड दिवस, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, पासपोर्ट कोणाकडे, पॅरेंट्स मीटिंगला दोघं जाणार का. ताण जास्त असेल तर भेट कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, ठरलेल्या दोन तासांची. कुठलीच ऑर्डर कायमची नसते, परिस्थिती बदलली की बदलून मागता येते. जॉइंट कस्टडीची, म्हणजे दोघांकडे मिळून ताबा देण्याची, शिफारस लॉ कमिशननं २०१५ च्या २५७ व्या अहवालात केली, पण त्यावर कायदा झालेला नाही.

अमेरिकेतून मूल घेऊन पुण्याला आलेली आई किंवा बाप ही आता नेहमीची केस. परदेशात नेलेलं मूल परत पाठवण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही, त्यामुळे तिथल्या कोर्टाची ऑर्डर इथं आपोआप चालत नाही, ती एक मुद्दा म्हणून बघितली जाते आणि हिताची तपासणी इथं पुन्हा होते.

हनफी (सुन्नींमधली एक कायदेपरंपरा) मुस्लिम कायद्यात मुलगा सात वर्षांपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे, पण कोर्ट तिथंही हितच बघतं. ख्रिश्चनांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा, रजिस्टर लग्नाला १९५४ चा विशेष विवाह कायदा. गोव्यात १९५५-५६ चे हिंदू कायदे लागू नाहीत, तिथं पोर्तुगीज काळापासूनचे कौटुंबिक कायदे चालतात.