सशाच्या डोळ्यापासून वेष्टनावरच्या सशापर्यंत

भारतात बनलेल्या शाम्पूवर किंवा लिपस्टिकवर ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असं ठळक छापलेलं असेल, तर त्यात उत्पादकाची फारशी कर्तबगारी नाही. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला इथे मे २०१४ पासून बंदी आहे. परदेशात अशी चाचणी झालेला माल आणायलाही त्याच वर्षाच्या १२ नोव्हेंबरपासून बंदी आहे. म्हणजे ते वाक्य बहुतेक वेळा ‘आम्ही कायदा पाळतो’ एवढंच सांगतं. खरी अडचण घटकांची, तारखेची आणि माल कुठे विकला जातो याची आहे. ती कुठून आली हे इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

या चाचण्या माणसांना झालेल्या इजेतून आल्या. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाच्या पापण्या रंगवायच्या डायमुळे काही बायकांची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. त्यातला दोषी घटक पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन. (काळ्या हेअर डायमध्ये आणि बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’त तो आजही सापडतो. डाय लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून ४८ तास वाट पाहा, असं सांगतात ते त्यामुळेच.) १९३७ मध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक मिसळलेल्या एका पातळ सल्फा औषधाने शंभरावर माणसं दगावली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत अन्न, औषधे व प्रसाधने यांचा नवा कायदा झाला. त्या कायद्याने प्रसाधनांसाठी प्राण्यांवरची चाचणी सक्तीची केली नव्हती. पण माल सुरक्षित असल्याचा पुरावा हाताशी असावा, ही निकड कंपन्यांना लागली, आणि पुरावा मिळवायची सोय सरकारी शास्त्रज्ञांनीच करून दिली.

१९४४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनातले जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पद्धत प्रसिद्ध केली. पांढऱ्या सशाची खालची पापणी जराशी ओढली की खोबण तयार होते. तिच्यात ०.१ मिलिलिटर पदार्थ टाकायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत १, २४, ४८ आणि ७२ तासांनी डोळा तपासायचा आणि इजा भरून येते का ते पाहायला २१ दिवसांपर्यंत थांबायचं. इजेला द्यायचे एकूण गुण ११०, त्यातले ८० एकट्या कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) धूसरपणाला. पायाने डोळा चोळू नये म्हणून ससे फक्त डोकं बाहेर राहील अशा खोड्यात अडकवले जात आणि भूल सहसा दिली जात नसे.

क्रौर्य बाजूला ठेवलं तरी ही चाचणी शास्त्र म्हणूनही लंगडीच होती. सशाला अश्रू कमी येतात, तो डोळे क्वचित मिचकावतो, त्याला तिसरी पापणी असते. त्यामुळे त्याच्या डोळ्यात पदार्थ राहतो तसा माणसाच्या डोळ्यात राहत नाही. शिवाय गुण नजरेने द्यायचे. १९७१ मध्ये वाइल आणि स्काला या संशोधकांनी तेच पदार्थ अनेक प्रयोगशाळांना देऊन पाहिले, तर एकीच्या लेखी निरुपद्रवी ठरलेला पदार्थ दुसरीच्या लेखी दाहक निघाला. तरीही चाचणी चालू राहिली, कारण नियामकांच्या कपाटात तुलनेसाठी तिचेच आकडे होते.

बदल पैशाच्या वाटेने आला. एप्रिल १९८० मध्ये प्राणीहक्कांचे कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन ही प्रसाधन कंपनी सौंदर्यासाठी किती ससे आंधळे करते, असा जाहीर सवाल केला. रेव्हलॉनने पर्यायी पद्धती शोधण्यासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. पुढच्या वर्षी अमेरिकी प्रसाधन उद्योगाच्या पैशातून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचं केंद्र उभं राहिलं.

त्या वाटेवरची आजची एक चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या त्वचेतल्या पेशी वाढवून छोट्या चकतीएवढी मानवी बाह्यत्वचा तयार केली जाते. एका प्रकारात तिच्यावर पदार्थ १५ मिनिटं ठेवतात, धुतात आणि ४२ तासांनी एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. रंग काढून मोजायचा, आणि निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत असतील तर पदार्थ त्वचादाहक. गफलत होते ती पदार्थ स्वतःच रंगीत असला किंवा पेशींशिवायच एमटीटी जांभळं करत असला तर. मग मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. म्हणून मारलेल्या ऊतीवर तोच प्रयोग वेगळा करून तो आकडा वजा करावा लागतो. डोळ्यासाठी कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांचा कॉर्निया वापरतात. ‘प्राणीविरहित’ ही पाटी इथे जरा ताणलेलीच आहे.

युरोपीय संघाने तयार प्रसाधनांची चाचणी २००४ मध्ये, घटकांची २००९ मध्ये थांबवली आणि ११ मार्च २०१३ पासून अशा मालाची विक्रीही पूर्ण बंद केली. भारतात पाया १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा. प्रयोगांवर देखरेखीसाठी समिती नेमायची तरतूद त्यात होती. ब्यूटी विदाउट क्रुएल्टी या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची भारतीय शाखा डायना रत्नागर यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केली, तेव्हा गिऱ्हाइकाने हा प्रश्न विचारणं इथे नवंच होतं. सरकारी पातळीवर हालचाल झाली ती जून २०१३ मध्ये, प्रसाधनांच्या सुरक्षा चाचण्यांच्या भारतीय मानक ४०११ मधून प्राण्यांवरच्या चाचण्या वगळायचं ठरलं तेव्हा. आता त्वचेच्या दाहासाठी निरोगी स्वयंसेवकांवर २४ तासांची पॅच टेस्ट होते.

मग वेष्टनावर ‘चाचणी नाही’ असं सांगणारा ससा छापायची गरज का उरली? एक कारण चीन. तिथे आयात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी बरीच वर्षं सक्तीची होती. सर्वसाधारण मालाला मे २०२१ पासून कागदपत्रांच्या अटीवर सूट मिळाली, पण हेअर डाय, सनस्क्रीन, त्वचा उजळवणाऱ्या क्रीमसारख्या ‘विशेष’ प्रसाधनांना ती नाही. दुसरं कारण युरोपातला रसायनांचा कायदा. सिमराइज या जर्मन कंपनीचं होमोसॅलेट हे सनस्क्रीनमधलं रसायन केवळ प्रसाधनांत वापरलं जातं, पण ते बनवणाऱ्या कामगारांच्या सुरक्षेसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या मागणं चूक नाही, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला. म्हणजे बंदी एका कायद्याची आणि मागणी दुसऱ्याची.

शिवाय कधीच चाचणी न झालेला घटक मिळणं जवळपास अशक्य आहे. ग्लिसरीनसुद्धा कधी ना कधी उंदरांना पाजलं गेलंच आहे. म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘लीपिंग बनी’ या सशाच्या चिन्हाच्या प्रमाणपत्र योजनेने ठरलेल्या तारखेचा नियम घातला. कंपनी एक तारीख जाहीर करते, त्यानंतर तिने आणि तिच्या पुरवठादारांनी चाचणी करायची नाही, पुरवठादारांचे दाखले ठेवायचे, दरवर्षी बांधिलकी नव्याने करायची आणि त्रयस्थ तपासणीला तयार राहायचं. पेटाची यादी मुख्यतः कंपनीच्या लेखी हमीवर चालते. आणि कुठल्याही संस्थेचं नाव नसलेला, डिझायनरने काढलेला ससा म्हणजे नुसतं चित्र. अमेरिकेत ‘क्रुएल्टी-फ्री’ या शब्दांना कायदेशीर व्याख्याच नाही.

‘व्हीगन’, म्हणजे प्राण्यांपासून मिळालेला एकही घटक नसलेला माल, हा वेगळा प्रश्न. चाचणी न झालेल्या लिपस्टिकमध्ये किड्यांपासून मिळणारं कार्माइन हे लाल रंगद्रव्य असू शकतं, लिप बाममध्ये मधमाश्यांचं मेण किंवा मेंढीच्या लोकरीचं लॅनोलिन. हिरवा ठिपकाही घटकाचं मूळ सांगतो, चाचणीचं नाही. फरशी पुसायचं द्रव आणि भांड्यांचा साबण तर प्रसाधनांत मोडतच नाहीत, त्यांना २०१४ चा नियम लागू नाही. घरात महिन्याला संपणारा माल मोजला तर हीच बाजू जड भरेल, पण ससा शोधला जातो तो लिपस्टिकवर.

वेष्टनावर ग्राहक सेवेचा फोन किंवा ईमेल असतोच. त्यावर तीन गोष्टी विचाराव्यात: ठरलेली तारीख कोणती, पुरवठादारांकडून दाखला कधी घेतला, आणि हा ब्रँड कुठल्या देशांत दुकानात विकला जातो. ‘आम्ही तयार उत्पादनांची प्राण्यांवर चाचणी करत नाही’ असं उत्तर आलं, तर घटकांबद्दल त्यांनी काहीच सांगितलेलं नाही.