पूर ओसरल्यावर दोषाचा धनी कोण?

25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासला धरणातून मुठा नदीत 35 हजार क्युसेकच्या घरात विसर्ग सुरू होता आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या तळमजल्यांवर लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. अशा पुरानंतरच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘संकटात नवरा-बायकोचे नाते घट्ट होते.’ पुण्यातील ज्येष्ठ मंडळी त्याला पानशेतचा दाखला देतात. 12 जुलै 1961 रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला ही दोन्ही धरणे फुटली, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि हजारो कुटुंबांना पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहतींत नव्याने संसार मांडावा लागला. त्या पिढीचे म्हणणे खोटे नाही, परंतु ते अर्धेच आहे, आणि उरलेला अर्धा भाग समजून घेतल्याशिवाय पूरग्रस्त कुटुंबांना खरी मदत करता येणार नाही असे मला वाटते.

आपत्तीचा नात्यावर होणारा परिणाम मोजताना एक मोठी अडचण येते. संशोधक पोहोचतात ते आपत्तीनंतर, आणि ‘पुराआधी तुमचे कसे चालले होते?’ या प्रश्नाचे उत्तर पुरानंतरच्या मनःस्थितीने रंगलेले असते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मात्र ही अडचण योगायोगाने दूर झाली. ह्यूस्टन शहराच्या परिसरातील 231 नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास आधीपासून सुरू असतानाच, ऑगस्ट 2017 मध्ये तेथे हार्वे चक्रीवादळ येऊन थडकले. त्या वादळात काही ठिकाणी पंधराशे मिलिमीटरहून अधिक, म्हणजे पुण्यात दोन वर्षांत पडतो साधारण तितका पाऊस काही दिवसांत पडला. हा अभ्यास करणारे संशोधक हॅना विल्यमसन, थॉमस ब्रॅडबरी आणि बेंजामिन कार्नी यांच्याकडे त्याच जोडप्यांची वादळाआधीची उत्तरेही होती. त्यांचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांनी काढलेला आलेख डोळ्यांसमोर आणावा. लग्नानंतरच्या काळात सहजीवनातील समाधान सरासरीने हळूहळू उतरत जाते, तसे ते येथेही उतरत होते. वादळानंतर लगेच ते ठळकपणे वर गेले आणि पुढच्या वर्षभरात पुन्हा जवळपास पूर्वीच्याच वेगाने उतरू लागले. शाळेत शिकलेल्या रेषेच्या भाषेत सांगायचे तर रेषा एक पायरी वर उचलली गेली, तिचा उतार मात्र बदलला नाही. ‘वादळाने संसार सावरले’ असे मथळे पायरीकडे पाहून तयार होतात. जोडप्याला पुढची वर्षे काढायची असतात ती त्या उतारावर.

याहून जुना एक अभ्यासही असाच सावध करतो. सप्टेंबर 1989 मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने साउथ कॅरोलायना राज्याला झोडपले. कॅथरीन कोहन आणि स्टीव्ह कोल यांनी आपत्तीग्रस्त ठरलेल्या 24 काउंट्यांची, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या घटकांची, उरलेल्या 22 काउंट्यांशी तुलना केली, तेव्हा पुढच्या वर्षी आपत्तीग्रस्त भागात विवाह, जन्म आणि घटस्फोट या तिन्हींचे प्रमाण वाढलेले आढळले. आपत्तीमुळे सगळी नाती एकाच दिशेने जात नाहीत, पुढे ढकललेले निर्णय मात्र लोक घेऊन टाकतात, असा मी त्याचा अर्थ लावतो.

मग पायरी का चढली जाते आणि टिकत का नाही? माझ्या मते याचे सर्वांत पटणारे उत्तर मानसशास्त्रज्ञ ज्याला कारणारोपण म्हणतात त्या प्रक्रियेत आहे. समोरच्या व्यक्तीने जे केले त्याचे कारण आपण कोठे ठेवतो, हा या प्रक्रियेचा विषय. समजा, घरात पाणी शिरत असताना नवऱ्याने टीव्ही माळ्यावर चढवला, पण कपाटाच्या खालच्या कप्प्यातील रेशनकार्ड आणि मुलीच्या दाखल्यांची फाइल पाण्यात गेली. बायकोचे मन नकळत तीन प्रश्नांची उत्तरे देते. कारण त्याच्यात आहे की परिस्थितीत? ते तात्पुरते आहे की कायमचे? आणि ते या एका गोष्टीपुरते आहे की सगळ्या संसारभर पसरलेले? ‘अंधारात त्याला सुचले नाही’ हे उत्तर परिस्थितीला दोष देते आणि त्या रात्रीपुरतेच थांबते. ‘तुम्ही नेहमीच असे करता’ यात कारण नवऱ्याच्या स्वभावात जाऊन बसते आणि कायमचे होते. ‘तुम्हाला कशाचीच फिकीर नाही’ यात ते घरभर पसरते. मराठीत ही चढण ‘च’ या एका अक्षराने पार होते, आणि भांडणात ते अक्षर किती वेळा येते हे प्रत्येकाने आपल्या घरी ऐकून पाहण्यासारखे आहे.

येथून पुढचा भाग जरा सावकाश वाचावा. दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावताना मन दोन टप्प्यांत काम करते. पहिल्या टप्प्यात वागणे थेट स्वभावाला चिकटवले जाते आणि ते आपोआप घडते. दुसऱ्या टप्प्यात परिस्थितीचा विचार करून पहिला निष्कर्ष दुरुस्त केला जातो, आणि त्याला लक्ष व श्रम लागतात. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये यासाठी एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. बोलताना अस्वस्थ झालेल्या एका स्त्रीची आवाज नसलेली चित्रफीत लोकांना दाखवली आणि ती कोणत्या विषयांवर बोलत आहे ते पडद्यावर लिहून दाखवले. विषय संकोच वाटावा असे असतील तर तिची अस्वस्थता स्वाभाविक आहे, हे पाहणाऱ्यांनी लक्षात घेतले. मात्र ज्यांना ते विषय पाठ करण्याचे जादा काम दिले होते, त्यांनी तिला स्वभावतःच अस्वस्थ ठरवले. दुरुस्तीसाठी लागणारी माहिती त्यांच्या तोंडपाठ होती, पण ती वापरण्यासाठी मनात जागा उरली नव्हती.

हे सूत्र पूरग्रस्त घराला लावून पाहू. पुराच्या रात्री कारण इतके प्रचंड आणि इतके उघड असते की दुसऱ्या टप्प्याचे श्रम करावेच लागत नाहीत. दोष पाण्याचा आहे हे दोघांनाही दिसत असते. दोन महिन्यांनी चित्र पालटते. पंचनाम्यात नाव चुकलेले असते, अनुदान खात्यात आलेले नसते, भिंतींची ओल गेलेली नसते, दुय्यम रेशनकार्डासाठी तिसऱ्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते. ही सगळी पुराचीच पिल्ले आहेत, पण आता पाणी डोळ्यांसमोर नाही आणि समोर आहे तो जोडीदार. शिवाय कार्यालयांच्या फेऱ्यांनी मन जादा कामाने भरलेले असते, म्हणजे दुरुस्तीची गरज सर्वांत जास्त असते नेमकी तेव्हाच तिची शक्ती सर्वांत कमी असते. लिसा नेफ आणि बेंजामिन कार्नी यांनी नवविवाहितांचा चार वर्षे मागोवा घेऊन 2004 मध्ये असेच निरीक्षण मांडले. बाहेरचा ताण वाढलेल्या काळात त्याच व्यक्ती जोडीदाराच्या वागण्याचा अधिक कठोर अर्थ लावू लागतात. पत्नींच्या उत्तरांत हे ठळकपणे दिसले.

आपल्या समाजात तर हे उलटे फिरवणारी एक क्रूर रूढी आहे. लग्नानंतर काही महिन्यांत घरावर आपत्ती आली की नव्या सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हटले जाते. धरणातला साठा, पाणलोटातला पाऊस आणि पूररेषेत झालेली बांधकामे यांचे गणित मांडता येत असताना त्याचे कारण एका मुलीच्या पायांत शोधणे हे निव्वळ अज्ञान आहे आणि अन्यायही आहे. वरील सूत्रानुसार पाहता नात्याला तारणारी एकमेव गोष्ट, म्हणजे कारण घराबाहेर असल्याची दोघांची सामाईक जाणीव, ही रूढी पहिल्याच दिवशी नष्ट करते. ज्या शहरात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी विवेकाच्या कामासाठी 20 ऑगस्ट 2013 रोजी प्राण गमावले, तेथे तरी हा शब्द कोणाच्या तोंडी येऊ नये.

जोडप्यांच्या बोलण्यातील सर्वनामांवरही संशोधन झाले आहे. ‘मी’ आणि ‘तू’ ऐवजी ‘आपण’ अधिक वापरणाऱ्या जोडप्यांचे नाते सरासरीने अधिक समाधानी आढळते. मात्र सर्वनाम बदलले म्हणून नाते बदलते, असे यातून सिद्ध होत नाही. इंग्रजीतील ‘वी’ (we) या सर्वनामात ऐकणारा सामील आहे की नाही हे कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत तो फरक स्पष्ट आहे. ‘आपली फाइल गेली, आपण उद्या अर्ज करू’ या वाक्यात दोष कोणाकडेच राहत नाही आणि काम दोघांचे होते.

एक मर्यादा येथे स्पष्ट केली पाहिजे. ज्या घरात मारहाण होते, तेथे परिस्थितीला दोष देण्याचा सल्ला घातक आहे. मारणारा हात पुराचा नसतो, आणि अशा स्त्रीला 181 या महिला मदत क्रमांकापर्यंत पोहोचवणे हेच पहिले काम आहे.

बाकीच्या घरांसाठी मदतीचे वेळापत्रक बदलण्याची गरज आहे. महापालिकेच्या शाळेतील निवारा केंद्रात पहिल्या आठवड्यात समुपदेशकाने जोडप्याची विचारपूस केली, तर त्याला ते चढलेल्या पायरीवर उभे दिसेल आणि सगळे ठीक असल्याची नोंद होईल. जुलैच्या पुरानंतरची दुसरी फेरी दिवाळीच्या आसपास व्हायला हवी. तोवर उसने दिलेले पैसे परत मागितले जाऊ लागलेले असतात, दुसऱ्या सत्राची फी तोंडावर आलेली असते आणि ती फाइल कोणामुळे गेली हा प्रश्न घरात पुन्हा निघालेला असतो.