पिनियनचं नाक किती खाली असावं?

बांधाशी ट्रॅक्टर वळवताना रोटाव्हेटर उचलला आणि पीटीओ (अवजाराला इंजिनची ताकद देणारा ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा) बंद करायचा राहिला, की मागून लगेच खडखडाट सुरू होतो. मराठवाड्याच्या काळ्या रानात ज्यानं ट्रॅक्टर हाकलाय, त्याच्या कानाला हा आवाज पक्का ओळखीचा. ताकद नेणारा शाफ्ट तोच, त्याला कोनात फिरू देणारे टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, तेच, फेरेही तेवढेच; बदलतो तो फक्त कोन. दणकट इंजिन बसवलेली जीप किंवा मागच्या चाकांवर पळणारी ताकदवान गाडी ऐंशीच्या पुढे खालून घुमायला लागते, तेव्हाही अनेकदा हेच घडत असतं. आपण मात्र चाकांचं बॅलन्सिंग करून घेतो, क्रॉस बदलतो, शाफ्ट लेथवर पाठवतो, आणि थरथर तशीच राहते, कारण दोष कोनात असतो. हा कोन बराचसा पिनियनच्या नाकानं ठरतो: पिनियन म्हणजे मागच्या डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाचा) शाफ्टला जोडलेला छोटा गिअर, आणि नाक म्हणजे त्याचं पुढचं टोक.

क्रॉसच्या या जॉइंटला सोळाव्या शतकातल्या इटालियन गणिती कार्डानोचं नाव आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं त्याचा बारकाईनं अभ्यास केला. स्प्रिंगचा नियम आपण शाळेत शिकलो तो याच हूकचा. कोनात चालणारा एकटा क्रॉस वेग जसाच्या तसा पुढे देत नाही. अलीकडची बाजू एका लयीत फिरत असली, तरी पलीकडची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळते आणि दोनदा रेंगाळते. पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरतोय आणि जॉइंटमध्ये 30 अंशांचा कोन आहे असं धरा. मग पलीकडचा वेग 468 ते 624 फेऱ्यांमध्ये खालीवर होतो. सेकंदाला 9 फेरे, म्हणजे 18 हिसके. म्हणून तो खडखडाट सुटासुटा ऐकू येतो.

गाडीत कोन जेमतेम 3 अंशांचा असतो आणि वेगातला फरक सव्वा-दीड हजारांश. एवढ्याशानं काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. पण हिसक्याचा जोर फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 3000 फेऱ्यांवर 3 अंशांच्या कोनात शाफ्टला बसणारा हिसका हा 540 फेऱ्यांवर 30 अंशांत बसणाऱ्या हिसक्याच्या जवळजवळ तीस टक्के भरतो. कोन दुप्पट केला तर हिसका चौपट. मला या सगळ्या विषयातली सर्वांत डोळे उघडणारी गोष्ट हीच वाटते.

यावरचा उपाय शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो: दुसरा क्रॉस. पहिल्यानं केलेला चढउतार तो उलटा करून मिटवतो, पण दोन अटींवर. गिअरबॉक्सकडचा आणि डिफरन्शियलकडचा कोन सारखा हवा, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क (क्रॉसला धरणारे दुबोटी काटे) एका रेषेत हवेत. स्प्लाइनवर (शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात त्या खाचांवर) शाफ्ट उघडताना पेंटनं खूण न केल्यास दुसरी अट नकळत मोडते. शाफ्ट बदलूनही थरथर वाढली, तर आधी फोर्क बघा. कोन अगदी शून्यही नको. अर्धा-एक अंश तरी हवाच, नाहीतर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया (बारीक रोलर) जागच्या हलत नाहीत आणि एकाच ठिकाणी खड्डे पाडतात.

आता पिनियनकडे येऊ. उभ्या गाडीत दोन्ही कोन तंतोतंत जुळवले, तरी काम संपत नाही. 200 न्यूटन-मीटरचं इंजिन, पहिला गिअर चारपट, डिफरन्शियल 4.1 पट, चाकांकडे साधारण 3280 न्यूटन-मीटर जातात. चाकं पुढे रेटताना तेवढाच पीळ हाउसिंगवर (मागच्या ॲक्सलच्या लोखंडी कवचावर) उलटा बसतो. एक मीटर लांब पहारीच्या टोकाला सव्वातीनशे किलोहून जास्त वजन टांगण्याइतका तो जोर असतो. त्यानं मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. उभ्या गाडीत बरोबर दिसणारा कोन नेमका जोर लागताना बिघडतो. म्हणून पिनियन आधीच खाली झुकवून ठेवतात. रस्त्यावरच्या पाट्याच्या गाडीला दोन-तीन अंश पुरतात. ड्रॅग रेसच्या, पाटे असलेल्या गाडीला पाच ते सातपर्यंत देतात. कॉइल स्प्रिंग आणि लिंक (हाउसिंगला धरून ठेवणारे दांडे) असलेल्या गाडीत हाउसिंग कमी वळतं, तिथे एक-दोन अंशांत भागतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ही भानगड नसतेच.

थरथर कोनाचीच आहे का, हे हिशेबानं ओळखता येतं. टायरचा घेर 2.2 मीटर असेल, तर ताशी 80 किलोमीटरला चाक सेकंदाला 10 फेरे मारतं आणि 4.1 च्या डिफरन्शियलमुळे शाफ्ट 41. बॅलन्स बिघडलेलं चाक स्टिअरिंग हलवतं. शाफ्टचा बॅलन्स गेला तर 41 ठोक्यांची थरथर पायाखाली लागते. कोनाची थरथर दुप्पट, म्हणजे 82 ची, आणि ती कानात घुमते. शिवाय बॅलन्सचा दोष वेगावर चालतो, कोनाचा दोष ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतो.

मोजताना जॅकवर मागची चाकं लटकवू नका; गाडीचं वजन पाट्यांवरच हवं. गिअरबॉक्सचं टोक, शाफ्ट आणि पिनियन, तिन्ही ठिकाणी अँगल गेज लावा. मोबाइलचं लेव्हल ॲपही चालतं, पण पट्टी सपाट बसली पाहिजे. नाक झुकवायला पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये लोखंडी पाचर घालतात. पाटा हाउसिंगच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे, खाली असेल तर मागे. इथे गफलत झाली तर नाक उलट वर जातं. पाचरीच्या जाडीइतका लांब सेंटर बोल्ट घ्या, आणि यू बोल्ट शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

मग गाडी चढाला न्या. खुलताबादहून म्हैसमाळचा घाट यासाठी छान आहे. चढताना जोर दिल्यावर घुमत असेल, तर नाक अजून वर उचललं जातंय, पाचर वाढवा. चढताना शांत आणि उतरताना ॲक्सिलरेटर सोडल्यावर घुमत असेल, तर नाक जास्त झुकलंय, एखादा अंश परत घ्या.