अवकाश संशोधनाची उपयुक्तता : बडोदे परिसराच्या दाखल्यासह

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर उपग्रह, याने आणि माणसे पाठवण्यावर होणाऱ्या खर्चातून मानवजातीच्या पदरात काय पडते, याविषयीचा विचार. रूढ वादात ‘अवकाश’ हा एकच खर्च धरतात आणि त्यावर हो किंवा नाही असे एकच उत्तर मागतात. घोळ तिथेच होतो. हवामानाचा उपग्रह, मंगळावरचे यान, अंतराळवीरांची कुपी (कॅप्सूल) आणि दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण यांचे हिशेब निराळे, लाभार्थी निराळे आणि फसण्याच्या जागाही निराळ्या. या नोंदीत ते हिशेब अलग करून पाहिले आहेत. दाखले मुख्यतः बडोदे व भोवतालच्या मध्य गुजरातमधले आहेत. गायकवाडी काळापासून मराठी वस्ती असलेल्या या शहरापासून अहमदाबादचे अवकाश उपयोजन केंद्र सुमारे ११० किमी. आहे, विश्वामित्री नदी तर शहराच्या मधूनच वाहते. ‘घरात पाणी शिरलंय आणि हे निघाले चंद्रावर’ असा त्रागा पूर आलेल्या वर्षी होतो. तो उडवून लावण्यासारखा नाही, पण त्यात दोन वेगळ्या थैल्या एक धरल्या आहेत.

खर्च : २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागासाठी सुमारे १३,०४३ कोटी रु. ठेवले होते, एकूण अर्थसंकल्प सुमारे ४८.२ लाख कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांत २७ पैसे, किंवा माणशी वर्षाला नव्वद-पंचाण्णव रुपये. त्याच वर्षीची अन्न अनुदानाची तरतूद याच्या पंधरापटीहून अधिक होती. अवकाश विभाग बंद केला तर गरिबी हटेल, हा युक्तिवाद या आकड्यांपुढे टिकत नाही. मात्र खर्च थोडा आहे म्हणून तो योग्य, असेही सिद्ध होत नाही. समर्थक ही उडी फार सहज मारतात. अमेरिकेचे अपोलो चांद्रमोहिमांचे पर्व ऐन भरात असताना, १९६६ च्या सुमारास, नासाचा वाटा तिथल्या संघराज्याच्या खर्चात ४ टक्क्यांहून अधिक होता. त्या प्रमाणात भारताने खर्च केला असता तर हा वाद वेगळ्या पातळीवर झाला असता.

खेडा जिल्ह्यातील प्रयोग : भारतीय अवकाश कार्यक्रमाचे प्रवर्तक विक्रम साराभाई यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले होते, की चंद्र, ग्रह किंवा समानव (माणसासह) उड्डाण यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याची आपली कल्पना नाही, समाजाच्या खऱ्या प्रश्नांना प्रगत तंत्रज्ञान लावण्यात मात्र आपण कुणाच्या मागे राहता कामा नये. या भूमिकेची मोठी परीक्षा १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाली. नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम थेट पोचवण्यात आले. प्रक्षेपण पकडण्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, सुमारे १० फूट व्यासाच्या तबकड्या होत्या.

बडोद्याला लागून असलेल्या खेडा जिल्ह्यात (आणंद तेव्हा त्यातच होते) याच सुमारास स्थानिक प्रयोग सुरू झाला. पीज या गावी लहान प्रक्षेपक बसवला आणि दूध सहकारी संस्थांच्या जागेत सामुदायिक दूरचित्रवाणी संच ठेवले. कार्यक्रम गावकऱ्यांच्याच बोलीत, त्यांच्याच प्रश्नांवर असत. मजुरी, जातिभेद, सावकारी हे विषयही त्यांत येत. १९८४ मध्ये या कामाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर लवकरच पीजचा प्रक्षेपक बंद झाला. यंत्रे चालू होती. राष्ट्रीय प्रसारणाच्या रेट्यात स्थानिक कार्यक्रमांना जागा उरली नाही. उपयुक्तता जमिनीवर कशी गळते, याचे हे नमुनेदार उदाहरण.

चक्रीवादळे : उपग्रहाचा सर्वांत निर्विवाद उपयोग इथे दिसतो, पण तोही अर्ध्याच साखळीचा. ९ जून १९९८ रोजी पोरबंदरजवळ किनारा ओलांडून कांडल्याला धडकलेल्या चक्रीवादळात हजाराहून अधिक माणसे दगावली. मिठागरांतले मजूर त्यांत मोठ्या संख्येने होते. इन्सॅट उपग्रहांच्या प्रतिमा तेव्हाही हवामान खात्याकडे येत होत्या. वादळ दिसत होते. आगरात राहणाऱ्या मजुराला उठवून न्यायला कुणी नव्हते. जून २०२३ मधले बिपरजॉय सुमारे दहा दिवस अरबी समुद्रात रेंगाळून १५ जूनला जखौजवळ धडकले. सुमारे लाखभर लोक आधीच हलवले गेले होते आणि किनारा ओलांडताना मृत्यू जवळपास झाले नाहीत. दोन घटनांमध्ये उपग्रह सुधारले हे खरे, पण त्याहून जास्त सुधारली ती अंदाजाची प्रतिमाने (मॉडेल), निवारे आणि तालुक्याच्या पातळीपर्यंत जाणारी आदेशांची साखळी. वाचलेल्या जिवांचे सगळे श्रेय उपग्रहाला देणारे हिशेब म्हणूनच फुगलेले असतात.

विश्वामित्रीचा पूर आणि उपग्रह : विश्वामित्री पावागडावर उगम पावते. वाटेत आजव्याच्या जलाशयाचे पाणी तिला मिळते, शहर ओलांडून ती ढाढरला मिळते आणि पाणी खंभातच्या आखाताकडे जाते. पूर येतो तो तीन गोष्टी जुळल्यावर : वरच्या पाणलोटात जोराचा पाऊस, आजव्यातून विसर्ग आणि खाली ढाढर तुंबल्यामुळे निचरा बंद. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात जवळपास ५०० मिमी. पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदीची पातळी ३५ फुटांपलीकडे गेली. धोक्याची खूण त्याहून कितीतरी खाली आहे. पाणी वस्तीत कित्येक दिवस राहिले आणि त्याबरोबर मगरीही आल्या.

अशा वेळी उपग्रह दोन कामे करतो. पहिले, पावसाची चाहूल. सुमारे ३६,००० किमी. उंचीवरच्या भूस्थिर (पृथ्वीबरोबर फिरून एकाच जागेवर राहणाऱ्या) कक्षेतील इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) दर अर्ध्या तासाला प्रतिमा घेतात. दृश्य प्रकाशात त्यांची चौकट (प्रतिमेचा सर्वांत लहान घटक) १ किमी.ची, औष्णिक अवरक्तात ४ किमी.ची असते. पाऊस मात्र त्यांना थेट दिसत नाही. ढगाचा माथा जितका थंड तितका ढग उंच आणि पाऊस जास्त, असे अनुमान बांधलेले असते. मान्सूनमधले कमी उंचीचे, उबदार माथ्याचे ढगही धो धो बरसतात, आणि तिथे हा अंदाज कमी पडतो. सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) वापरणारे उपग्रह अधिक नेमके असतात, पण ते सारखे डोक्यावर नसतात. अनेक उपग्रह जोडून बनवलेला पावसाच्या नोंदींचा जागतिक संच साधारण १० किमी.च्या चौकटीत असून त्याची पहिली आवृत्ती हाती यायला चारेक तास लागतात. आजव्याचे पाणी कधी सोडायचे हा निर्णय तितका थांबत नाही. तिथे पाणलोटातील पर्जन्यमापके, जमिनीवरून पाऊस टिपणारे डॉप्लर रडार आणि पुलांवरच्या पातळीच्या नोंदी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

दुसरे काम, पाणी कुठवर पसरले याचा नकाशा. पुराच्या दिवसांत आकाश झाकलेले असल्याने साधा कॅमेरा निरुपयोगी ठरतो. उपग्रहावरचे रडार ढगांतून आणि रात्रीही पाहते. शांत पाणी रडारची लहर आरशासारखी दूर परावर्तित करते, त्यामुळे प्रतिमेत ते काळे दिसते. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहांची विदा (डेटा) विनामूल्य असल्याने नकाशा सहसा तिच्यावरच करतात. पद्धत अशी : पुरापूर्वीची आणि पुरातली अशा दोन प्रतिमा एकाच मार्गाच्या आणि एकाच दिशेच्या घ्याव्यात, नाहीतर सावल्या बदलतात. प्रतिमेतला ठिपकेदार गोंगाट गाळून, भूरूपानुसार दुरुस्ती करून परतलेल्या लहरीच्या ताकदीची मूल्ये डेसिबेलमध्ये आणावीत. पाण्याची सीमा साधारण उणे १५ ते उणे २० डेसिबेलच्या मध्ये कुठेतरी सापडते. ती ठोकळ्याने न धरता प्रत्येक प्रतिमेतल्या मूल्यांच्या आलेखावरून ठरवावी. मग आजवा, सुरसागर यांसारखे कायमचे पाणी वगळावे, ५ टक्क्यांहून जास्त उताराची जमीन वगळावी (पावागडाच्या सावल्या पाण्यासारख्याच काळ्या येतात) आणि सलग आठ चौकटींपेक्षा लहान तुकडे पुसून टाकावेत. १० मीटरच्या चौकटीत हे तुकडे ८०० चौरस मीटरच्या आतले असतात आणि बहुधा गोंगाटच असतात.

चुका ठरलेल्या जागी होतात. पुरापूर्वीची प्रतिमा जूनमधली घेतली तर भाताची लावणी झालेली सगळी खाचरे ‘पूरग्रस्त’ ठरतात. म्हणून ती लावणीनंतरची हवी. विमानतळाची धावपट्टी आणि रुंद डांबरी रस्ते कोरडे असूनही काळे दिसतात. उलट दाट वस्तीत पाण्यावरून उसळलेली लहर भिंतीवर आपटून परत येते, त्यामुळे कमरेएवढे पाणी असलेली गल्ली प्रतिमेत उजळ दिसते. ज्याला नकाशाची सर्वांत जास्त गरज, नेमका तोच भाग नकाशातून सुटतो. सेंटिनेलच्या ५.६ सेंमी.च्या लहरी विश्वामित्रीकाठच्या कोतरांतली (घळींतली) दाट झाडीही भेदू शकत नाहीत.

आणखी एक अडचण वेळेची. सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये वीजपुरवठ्यातील बिघाडाने निकामी झाला आणि १सी डिसेंबर २०२४ मध्ये कक्षेत गेला. मधल्या काळात, म्हणजे २०२४ च्या पुरातही, एकच सेंटिनेल-१ उपग्रह होता आणि तो त्याच मार्गावर १२ दिवसांनी परत येई. नदी त्याच्यासाठी थांबत नाही. भारताचा ईओएस-०४ (फेब्रुवारी २०२२) रडार उपग्रहच आहे. त्याला जोड मिळावी म्हणून बनवलेला ईओएस-०९ मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे कक्षेत पोचलाच नाही. ३० जुलै २०२५ रोजी सुटलेल्या निसार या भारत-अमेरिका उपग्रहाच्या सुमारे २४ सेंमी. लांबीच्या लहरी झाडीखालचे पाणी पाहू शकतात. त्याचे दुसरे, एस-पट्ट्यातले (वेगळ्या लांबीच्या लहरींचे) रडार अहमदाबादच्या केंद्रानेच बनवले आहे. पुनर्भेट मात्र त्याचीही १२ दिवसांचीच. तेव्हा पुराचा नकाशा बचावापेक्षा भरपाई, पूररेषा आणि पुढची बांधकामबंदी यांसाठी अधिक कामाचा ठरतो, आणि नेमके तेच काम नेटाने होत नाही.

चंद्र, मंगळ आणि शुद्ध विज्ञान : मंगळयानाला सुमारे ४५० कोटी आणि चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रु. लागले. यांतून विश्वामित्रीला काही मिळत नाही, आणि तसा दावा करूही नये. मिळते ते ज्ञान. चांद्रयान-१ वरील अमेरिकी उपकरणाने २००९ मध्ये चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंची खूण दाखवली. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीवरचे क्ष-किरण उपकरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे होते. त्याच्या मोजमापांनी आरंभीचा चंद्र वितळलेल्या खडकाच्या समुद्राने झाकलेला होता, या कल्पनेला आधार दिला. हे ज्ञान ज्याला मोलाचे वाटत नाही त्याच्यासाठी या मोहिमा फुकटच. ‘तरुणांना प्रेरणा मिळते’ हे समर्थन मात्र लंगडे आहे. प्रेरणा मोजता येत नाही आणि ती सयाजीबागेतल्या तारांगणातही मिळते.

एक उपयोग थेट जीविताशी जोडलेला आहे. लोणारचे सुमारे १.८ किमी. व्यासाचे विवर उल्कापातानेच झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फस या लघुग्रहाला धडक देऊन त्याचा सोबतच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीचा परिभ्रमणकाळ सुमारे ३२ मिनिटांनी घटवला. लघुग्रह वेळीच सापडला तर त्याला ढकलता येते, हे त्यातून दिसले.

समानव उड्डाण : उपयुक्ततेच्या कसोटीवर हा सर्वांत कच्चा दुवा. गगनयानाची मंजुरी २०१८ मध्ये सुमारे १०,००० कोटींची होती. २०२४ मध्ये अवकाश स्थानकाच्या पहिल्या भागासह ती २०,१९३ कोटींवर गेली. माणूस पाठवायचा म्हणजे हवा, पाणी, तापमान, सुटकेची यंत्रणा आणि परतीचे उष्णकवच हे सगळे आले; शिवाय शून्यवत गुरुत्वात मांडीच्या हाडाची घनता महिन्याला एकेक टक्क्याने घटते. उलट बाजूही नोंदवली पाहिजे. अपोलोच्या सहा उतरणींत माणसांनी ३८२ किग्रॅ. चांद्रशिला निवडून आणल्या. त्याच काळात सोव्हिएत स्वयंचलित यानांनी तीन खेपांत सुमारे ३०० ग्रॅम माती आणली. यंत्रमानव तेव्हा बराच बाळबोध होता. आज ही तफावत तेवढी राहिलेली नाही, म्हणून समानव उड्डाणाचे खरे कारण राष्ट्रीय प्रतिष्ठा हेच आहे. तसे उघड सांगितले तर निदान चर्चा सरळ होते.

आनुषंगिक शोध : टेफ्लॉन (१९३८) आणि वेल्क्रो अवकाश कार्यक्रमातून आले, हे चुकीचे आहे; दोन्ही त्याआधीचे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातील सीमॉस संवेदक मात्र १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील कामातून पुढे आला. असे शोध मिळाले तर वरकमाई. त्यांच्या भरवशावर मोहीम मंजूर करता येत नाही.

विदा कुठे मिळते : इन्सॅटच्या प्रतिमा अहमदाबाद केंद्राच्या मोसडॅक संकेतस्थळावर मिळतात. पूरनकाशे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भुवनवर असतात आणि सेंटिनेलची विदा युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर. मोसडॅकवरून विदा उतरवायला नोंदणी लागते, पैसे लागत नाहीत. प्रभागाच्या पातळीवर वापर करायचा तर प्रतिमेसोबत रस्त्यांच्या उंचीचे नेमके मोजमाप हवे. फुकट मिळणाऱ्या ३० मीटर चौकटीच्या उंचीनकाशांत चूक काही मीटरची असू शकते, आणि सोसायटीचा तळमजला बुडतो की वाचतो हे फूट-दोन फुटांत ठरते. हे मोजमाप उपग्रहातून मिळत नाही. पालिकेने माणसे लावून किंवा ड्रोन उडवून ते करावे लागते.